दाबोळीचं वेळापत्रक

गोव्याला विमानानं जायचं ठरवलं की पूर्वी एक अडचण हमखास यायची. मुंबईहून सकाळचा चहा घेऊन निघावं आणि दहा-अकराच्या सुमारास गोव्यात उतरावं, असं सोयीचं विमान कामाच्या दिवशी सहसा मिळायचं नाही. विमानं असायची ती भल्या पहाटे, नाही तर दुपारी एकनंतर एकामागोमाग एक. प्रवाशांना वाटायचं, विमान कंपन्यांचं काही तरी गणित असेल. खरं कारण वेगळं होतं. सोमवार ते शुक्रवार, साधारण साडेआठ-नऊपासून दुपारी बारा-एकपर्यंत दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेली असायची. त्या वेळात प्रवासी विमानांना तिथं जागा नव्हती.

देशातल्या सर्वांत लाडक्या सुट्टीच्या ठिकाणाचा हा विमानतळ सुट्टीसाठी येणाऱ्यांकरिता बांधलेलाच नव्हता. एका नाकेबंदीमुळे तो जन्माला आला, एका लष्करी कारवाईत त्याची धावपट्टी उखडली गेली, नंतर तो नौदलाचा तळ झाला, आणि या सगळ्यानंतर त्याच्या एका कोपऱ्यात पर्यटकांची सोय झाली. गोव्याचं पर्यटन कुठे वाढलं, कसं वाढलं, गोव्यातली हॉटेलं आणि टॅक्सीवाले कोणत्या वेळी घाईत असतात, याची बरीच उत्तरं या एका धावपट्टीच्या इतिहासात सापडतात.

दाबोळी हे मुरगाव तालुक्यातलं गाव. जुवारी नदी समुद्राला मिळते तिथं, तिच्या दक्षिण काठावर जांभ्या दगडाचा एक मोठा सडा समुद्रात घुसला आहे. त्याच्या टोकाला मुरगाव बंदर, उतारावर वास्को शहर आणि माथ्यावर दाबोळी. हा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे पन्नास मीटर उंच आहे आणि बऱ्यापैकी सपाट आहे. कोकणात किंवा गोव्यात विमानतळ काढायचा तर सड्यावाचून पर्याय नसतो. खालची जमीन भातशेतीनं, खाजणांनी, माडांच्या बागांनी आणि दाट वस्तीनं भरलेली असते. लांब, सरळ आणि मोकळी जागा मिळते ती वर सड्यावरच. रत्नागिरीचा विमानतळ सड्यावर आहे, परुळ्याजवळचा चिपीचाही आणि पेडण्यातला मोपाचाही.

पोर्तुगिजांना या सड्याची आठवण झाली ती १९५०च्या दशकात. १९५४मध्ये दादरा आणि नगर हवेली त्यांच्या हातून निसटली. गोव्याच्या मुक्तीसाठीचं आंदोलन जोर धरत होतं आणि भारत सरकारनं गोव्याशी असलेला व्यवहार एकेक करून बंद करत आणला होता. लोंढ्याहून मुरगावला येणारी रेल्वे थांबली, सरहद्दीवरची ये-जा आटली. तोवर गोव्याचं रोजचं जगणं शेजारच्या मुलखावर चालत होतं. बेळगावची भाजी यायची, मुंबईहून कपडा यायचा, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या हजारो गोवेकरांच्या मनीऑर्डरी यायच्या. हे सगळं अडल्यावर पोर्तुगालमधल्या सालाझारच्या सरकारनं गोव्याला समुद्रावरून आणि आकाशातून तगवायचं ठरवलं. तांदूळ पाकिस्तानातून आला, बटाटे नेदरलँडमधून, सिमेंट जपानमधून. आणि दाबोळी, दमण, दीव अशा तिन्ही ठिकाणी विमानतळ उभे राहिले.

१९५५च्या मे महिन्यात दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. त्याला तेव्हाचे गव्हर्नर जनरल पाउलो बेनार्ड गेदेस यांचं नाव देण्यात आलं. ‘ट्रान्सपोर्टेस एरिओस दा इंडिया पोर्तुगेझा’ नावाची एक छोटी सरकारी विमानसेवा काढली गेली. तिची सुरुवातीची विमानं म्हणजे चार इंजिनांची, जेमतेम पंधराएक माणसांची हेरॉन विमानं. भारताच्या आकाशातून उडता येत नव्हतं, म्हणून ती समुद्रावरून वळसा घेऊन दमण, दीव आणि कराचीला जात. पुढे मोठी विमानं आली आणि थेट लिस्बनपर्यंतचा मार्ग सुरू झाला. विमानतळ सुरू झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, महाराष्ट्रातून आणि देशाच्या इतर भागांतून गेलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोव्याच्या सरहद्दीवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यातलं पत्रादेवीचं ठिकाण पेडणे तालुक्यात, बांद्याच्या पलीकडे आहे. गोव्याचा दुसरा विमानतळ ज्या मोपाच्या सड्यावर झाला, तो या पत्रादेवीपासून अगदी जवळ.

१८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त करण्यासाठी भारताचं ‘ऑपरेशन विजय’ सुरू झालं तेव्हा भारतीय हवाई दलाचं पहिलं मोठं लक्ष्य दाबोळी होतं. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं आली आणि त्यांनी काही मिनिटांत धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे, म्हणजे जवळजवळ साडेअठ्ठावीस हजार किलोंचे बॉम्ब टाकले. नंतर आठ कॅनबेरांची दुसरी तुकडी आली. वैमानिकांना हुकूम स्पष्ट होता. धावपट्टी निकामी करायची, पण टर्मिनल आणि इतर इमारतींना धक्का लावायचा नाही, कारण उद्या त्या आपल्याच असणार आहेत. तो हुकूम दोन्ही हल्ल्यांत तंतोतंत पाळला गेला.

त्या रात्री जे घडलं ते हवाई इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. विमानतळावर दोन प्रवासी विमानं हल्ल्यातून वाचली होती. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं कॉन्स्टेलेशन आणि दुसरं गोव्याच्या विमानसेवेचं डीसी-४. अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन या विमानांनी निघायचं ठरलं. खड्ड्यांनी भरलेल्या धावपट्टीचा सुमारे ७०० मीटरचा तुकडा काय तो वापरण्याजोगा उरला होता. वजन कमी करण्यासाठी कॉन्स्टेलेशनमधल्या जास्तीच्या खुर्च्या आणि नको ते सामान काढून टाकलं. चार इंजिनांच्या या अवजड विमानाला एरवी याच्या दुप्पट-तिप्पट अंतर लागतं. अंधारात ते सुटलं, उडालेल्या दगडगोट्यांनी त्याच्या पोटाला भोकं पडली, एक टायर फुटला, तरी ते उठलं. मागून डीसी-४ही उठलं. दोन्ही विमानं लाटांना लागून, अगदी कमी उंचीवरून कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेनं शरणागती पत्करली. पळून जाणारी विमानं शत्रुपक्षाची होती हे खरं, पण त्यांत बसलेल्या बायकामुलांचा जीव वाचला याचं आजही समाधान वाटतं.

यानंतर दाबोळी नौदलाकडे गेली, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्याच वर्षी, १९६१मध्ये, भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली होती. विमानवाहू नौकेवरची विमानं कायम नौकेवर राहत नाहीत. नौका बंदराला लागली किंवा दुरुस्तीसाठी गोदीत गेली की ती विमानं किनाऱ्यावरच्या तळावर उतरवावी लागतात, कारण उभ्या नौकेवरून त्यांना उड्डाण करता येत नाही. शिवाय नौकेवर जाण्याआधी वैमानिकाचा हात जमिनीवरच तयार व्हावा लागतो. असा तळ पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राला लागून आणि शक्यतो गर्दीच्या हवाई मार्गांपासून दूर असायला हवा होता. दाबोळी या साऱ्या अटींत बसत होती. कोइंबतूरजवळच्या सुलूरला असलेला ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ १९६४मध्ये दाबोळीला हलवण्यात आला. तेव्हापासून सी हॉक, अलिझे, १९८३पासून सी हॅरियर आणि २०१०पासून मिग-२९के अशा नौदलाच्या विमानांच्या पिढ्या इथं नांदल्या. जवळच बोगमाळोला नौदलाचं हवाई संग्रहालय १९९८मध्ये सुरू झालं. गोव्याला जाणाऱ्या मुलांना किनारा दाखवून झाला की तिथं अवश्य न्यावं. तिथल्या अंगणात ही जुनी विमानं हाताच्या अंतरावर उभी आहेत.

नौदलाला सकाळचे चार तास पूर्णपणे मोकळे का लागत, हे नीट समजायचं तर सरावाकडे जवळून पाहायला हवं. प्रवासी विमान दहा-पंधरा किलोमीटर अंतरावरून सरळ रेषेत, ठरलेल्या उतारानं खाली येतं. धावपट्टीच्या वर आल्यावर वैमानिक नाक किंचित उचलतो, विमान क्षणभर तरंगतं आणि हळुवार टेकतं. नौदलाच्या वैमानिकाला हे हळुवारपण विसरावं लागतं. नौकेचा डेक अडीच-तीनशे मीटरचा. त्यातला उतरण्यासाठीचा भाग त्याहून कमी. तिथं तरंगायला जागाच नसते. धावपट्टीच्या कडेला दिव्यांचं एक उपकरण ठेवतात. बरोबर उतारावर असलेल्या वैमानिकाला त्यात प्रकाशाचा गोळा मधोमध दिसतो. विमान वर गेलं तर गोळा वर सरकतो, खाली आलं तर खाली. त्या गोळ्यावर नजर ठेवून, उतार अजिबात न बदलता, तो विमान डेकएवढ्या आखलेल्या जागेवर आदळवतो. आणि चाकं टेकताक्षणी इंजिन मंद न करता पूर्ण जोरात चालू करतो. नौकेवर विमानाचा आकडा तारेत अडकला तर विमान थांबतं, पण आकडा चुकला तर पुढे समुद्रच असतो; तेव्हा त्याच वेगानं पुन्हा आकाशात जाता आलं पाहिजे. ही सवय अंगात मुरेपर्यंत तो पुन्हा पुन्हा तेच करत राहतो. टेकायचं, उठायचं, डावीकडून फेरी घ्यायची, पुन्हा टेकायचं. एकाच वेळी तीन-चार विमानं अशी फेऱ्या घालत असतील तर दर मिनिट-दोन मिनिटांनी धावपट्टी कुणाच्या तरी ताब्यात असते. लढाऊ विमानांत इंधन बेताचं असतं, त्यामुळे त्यांना आकाशात ताटकळत ठेवता येत नाही. यामध्ये पर्यटकांनी भरलेलं, वेगळ्या वेगाचं, लांबून येणारं विमान घुसवणं धोक्याचंच.

पुढे हंसाच्या आवारात नौकेसारखी वर वळलेली उड्डाणपट्टी आणि अडवणाऱ्या तारा असलेली खास सराव सुविधाही उभी राहिली. देशी बनावटीच्या तेजस विमानाच्या नौदल आवृत्तीच्या चाचण्या तिथं झाल्या. म्हणजे ज्या गोव्यात लोक घड्याळ विसरायला जातात, तिथल्या एका सड्यावर देशातलं सर्वांत अवघड हवाई शिक्षण मिनिटामिनिटाच्या हिशेबानं चालतं. नौदल अडवणूक करतं, अशी तक्रार गोव्याच्या पर्यटन व्यवसायात अनेक वर्षं होती. मला ती कधीच पटली नाही. दोन्ही गरजा खऱ्या होत्या आणि धावपट्टी एकच होती.

या धावपट्टीला एका बाजूनं ०८ आणि दुसऱ्या बाजूनं २६ असं म्हणतात. आकडे दिशांचे आहेत: होकायंत्रावर सुमारे ८० अंश आणि सुमारे २६० अंश. थोडक्यात, पट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे आणि तिचं पश्चिमेचं टोक समुद्राच्या बाजूला आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उठतं. गोव्यात दुपारी समुद्रावरून वारा येतो, पावसाळ्यात तर तो महिनोन्‌महिने पश्चिमेकडूनच असतो; म्हणून बहुतेक विमानं पूर्वेकडून, जुवारीच्या खाडीच्या अंगानं येतात आणि समुद्राकडे तोंड करून टेकतात. जून-जुलैत ढग सड्याला टेकतात, पावसाच्या सरीत धावपट्टी दिसेनाशी होते आणि वैमानिक उतरता उतरता पुन्हा वर जातो. दोनदा जमलं नाही तर मुंबई, बंगळूर किंवा हैदराबादकडे वळतो. पट्टी सुमारे ३,४०० मीटर लांब आहे, म्हणजे मोठ्या विमानांनाही पुरेशी. अडचण लांबीची कधीच नव्हती. वेळेची आणि जागेची होती. तळाचं सारं आवार सुमारे १,७०० एकरांचं, पण नागरी विमानतळाच्या वाट्याला त्यातला अगदी लहान तुकडा आलेला. विमानं उभी करायला जागा थोडी आणि हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाच्या हाती.

या लहानशा तुकड्यावर गोव्याचं पर्यटन उतरलं. १९६०-७०च्या दशकांत आलेले हिप्पी विमानानं क्वचितच आले. ते जमिनीवरून, मजल दरमजल करत किंवा मुंबईहून बोटीनं आले. त्या काळी आपल्याकडच्या माणसासाठीही गोवा म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट, नाही तर रात्रभराची एसटी. १९८३च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी दिल्लीत जमलेले राष्ट्रप्रमुख दोन दिवसांच्या विसाव्यासाठी आग्वादला आले, आणि त्यानिमित्तानं गोव्याचे रस्ते, पूल, हॉटेलं आणि विमानतळ यांच्याकडे सरकारचं लक्ष गेलं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून थेट दाबोळीला चार्टर विमानं येऊ लागली, आणि इथून गोष्ट बदलली.

चार्टरचा व्यवसाय समजला की गोव्यातल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. युरोपातली सहल कंपनी अख्ख्या हंगामासाठी, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल, दर आठवड्याला एक विमान बांधून घेते. हॉटेलांतल्या खोल्याही हंगामभरासाठी आधीच ठरलेल्या भावानं घेते. मग विमान, खोली आणि विमानतळावरून नेणारी बस असं एकत्र पॅकेज ती लंडनच्या किंवा फ्रँकफर्टच्या गिऱ्हाइकाला विकते. त्याच विमानानं नवे पाहुणे येतात आणि जुने परत जातात. रिकामं विमान उडवणं कुणालाच परवडत नाही. युरोपातून संध्याकाळी निघालेलं विमान गोव्यात पहाटे पोहोचतं. प्रवासी उतरवायचे, सफाई करायची, इंधन भरायचं, परतीचे प्रवासी चढवायचे आणि नौदलाची वेळ सुरू होण्याआधी निघायचं. विमान दोन तास उशिरा आलं की सगळंच बिघडायचं. गोव्यातल्या कित्येक हॉटेलांत स्वागतकक्ष पहाटे चारला गजबजलेला आणि सकाळी दहाला शांत असायचा, तो यामुळे. आणि दुपारी एकनंतर देशांतर्गत विमानांची झुंबड उडाली की टर्मिनलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. डिसेंबर २०१३मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं तेव्हा इमारत मोठी झाली, पण दिवसाचे तास तेवढेच राहिले. तरीही २०१८-१९मध्ये या विमानतळानं ८० लाखांहून अधिक प्रवासी हाताळले. एका धावपट्टीवर, तीही नौदलाबरोबर वाटून घेतलेली! तिथल्या नियंत्रकांचं आणि कर्मचाऱ्यांचं याबद्दल मनापासून कौतुक करायला हवं.

चार्टरला विरोधही पहिल्यापासून होता. १९८७ हे गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाल्याचं वर्ष. त्याच वर्षी जर्मनीच्या कॉन्डॉर कंपनीच्या चार्टरनं पाहुणे आले तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी शेण घेऊन निदर्शनं केली. पाहुण्यांचा तो अपमान होता आणि तो तेव्हाही अनेकांना रुचला नाही. पण मागचा सवाल खरा होता: गावातली विहीर आटते आणि हॉटेलचा तरणतलाव भरलेला राहतो, तर ही भरभराट नेमकी कुणाची? या सवालाचं धड उत्तर गोव्याला अजून मिळालेलं नाही. चार्टरवर सगळी भिस्त ठेवण्याचा धोका सप्टेंबर २०१९मध्ये दिसला. ब्रिटनची थॉमस कुक ही जुनी सहल कंपनी एका रात्रीत बंद पडली आणि हंगाम तोंडावर असताना गोव्यातल्या हॉटेलांच्या हातातले ब्रिटिश पाहुणे गेले.

पर्यटकांच्या गर्दीत एक गोष्ट झाकली जाते. दाबोळीवरून आखाताकडे जाणारी विमानं गोव्यातल्या घरांसाठी फार मोलाची होती. कुवेत, दुबई, दोहा इथं काम करणारी सासष्टी आणि बार्देशची माणसं, बोटींवर नोकरी करणारे खलाशी, पोर्तुगीज पासपोर्ट काढून ब्रिटनला गेलेली कुटुंबं, या सगळ्यांची घरवापसी याच टर्मिनलमधून व्हायची. विमान पर्यटकांच्या पैशावर चालतं आणि त्यामुळे स्थानिकाला घरी येण्याची सोय होते, हा पर्यटन विमानतळाचा मोठाच फायदा आहे. हंगाम संपला आणि विमानं कमी झाली की त्याची किंमत या माणसांना कळते.

दाबोळीची आणखी एक अडचण नकाशावर दिसते. ती जुवारीच्या दक्षिणेला आहे, आणि गर्दीचे किनारे मांडवीच्या उत्तरेला. हणजूण, बागा, कळंगुट ही नावं हिप्प्यांच्या काळापासून जगभर माहीत झालेली. तिथं जायला विमानतळावरून दोन मोठ्या नद्या ओलांडून चाळीस किलोमीटरच्या वर जावं लागतं. जुवारीवरचा पूल १९८३मध्ये झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, जुलै १९८६मध्ये, पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि नवा पूल होईपर्यंत माणसं आणि गाड्या फेरीबोटींवर आल्या. पुढे जुवारीचा पूल अपुरा पडू लागला. कुठ्ठाळी ते आगशी हे नदीपुरतं अंतर कापायला तास लागल्याचे आणि विमानं चुकल्याचे किस्से गोव्यात घरोघरी ऐकायला मिळायचे. दुसरीकडे माजोर्डा, बाणावली, मोबोर या दक्षिणेच्या किनाऱ्यांवर मोठी रिसॉर्ट्स उभी राहिली, कारण तिथं पोहोचायला नदी आडवी येत नव्हती. उत्तरेत लहान हॉटेलं आणि गर्दी, दक्षिणेत ऐसपैस आवारं आणि शांतता, या विभागणीला इतर कारणंही आहेत. पण विमानतळ उत्तरेत असता तर गोव्याचा नकाशा असाच झाला असता, असं मला वाटत नाही.

तो उत्तरेत व्हायला बावीस वर्षं लागली. मोपाच्या विमानतळाला केंद्र सरकारनं २०००मध्ये मंजुरी दिली. तेव्हा मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याचा विचार होता. दक्षिण गोव्यातून तीव्र विरोध झाला आणि पुढे दोन्ही विमानतळ चालू ठेवायचं ठरलं. २०१६मध्ये जीएमआर कंपनीशी करार झाला. मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि जानेवारी २०२०मध्ये अधिक अटींसह काम पुढे नेण्यास वाट दिली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३पासून विमानं सुरू झाली आणि विमानतळाला मनोहर पर्रीकरांचं नाव मिळालं. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची, धावपट्टी ३,५०० मीटरची. इथं नौदलाची वेळ आडवी येत नाही. चोवीस तास विमानं उतरू शकतात. गोव्याला सकाळी दहाचं विमान मिळालं ते असं.

याची किंमत मोजली ती मोपाच्या सड्यानं आणि त्यावर जगणाऱ्यांनी. सडा वरून ओसाड दिसतो. सरकारी अहवालांत त्याला पडीक म्हणण्याची सवय आहे. पण जांभा सच्छिद्र असतो. पावसाळाभर तो पाणी पोटात घेतो आणि उन्हाळ्यात पायथ्याच्या झऱ्यांतून सोडत राहतो. त्या झऱ्यांवर खालच्या गावांतली कुळागरं, काजू आणि भाजीचे मळे जगतात. काँक्रीट आणि डांबराच्या शेकडो एकरांखाली हा सडा गेला म्हणजे पाणी मुरायचं थांबतं आणि पहिल्याच पावसात गाळ घेऊन ते उतारावरून धावत सुटतं. सड्यावरची धनगर कुटुंबं हलवली गेली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हजारो झाडं तुटली. विमानतळ हवा होता हे मान्य; पण सड्याला पडीक म्हणणं थांबवलं असतं तर निदान पाण्याचा विचार आधी झाला असता.

मोपा सुरू झाल्यावर दाबोळीवरची विमानं भराभर तिकडे सरकू लागली. कतार एअरवेजनं जून २०२४मध्ये आपली सेवा मोपाला नेली. दक्षिण गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांची, हॉटेलवाल्यांची काळजी रास्त आहे, कारण मडगावहून मोपा पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहे. प्रवाशांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. तिकिटावर जीओआय अशी अक्षरं असतील तर विमान दाबोळीला जाणार, जीओएक्स असतील तर मोपाला. दक्षिण टोकाच्या पाळोळ्याला निघालेल्या कुटुंबानं ही अक्षरं पाहिली नाहीत तर गोव्याची अख्खी लांबी टॅक्सीनं कापावी लागते.

मोपाचा सर्वांत मोठा परिणाम सरहद्दीच्या अलीकडे झाला आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले इथल्या माणसाला मोपा पणजीकराइतकाच जवळ आहे. पण सिंधुदुर्गाचा स्वतःचा विमानतळही आहे. परुळ्याजवळच्या चिपीच्या सड्यावरच्या या विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं. २,५०० मीटरची धावपट्टी, आसपास तारकर्ली, मालवण, भोगवे, निवती असे किनारे. दाबोळीच्या अगदी उलट, हा विमानतळ पर्यटनासाठीच बांधला गेला आणि इथं कुठल्याही लढाऊ विमानाला वाट द्यावी लागत नाही. दिवस सगळा मोकळा आहे, पण विमानं मोजकीच. उडान योजनेखाली मुंबईहून सत्तर आसनांचं एटीआर विमान यायचं. या योजनेत सरकार काही जागांचं भाडं बांधून देतं आणि कंपनीचा तोटा तीन वर्षं भरून काढतं. तीन वर्षं संपली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईची सेवा थांबली.

चिपीला प्रवासी मिळत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोकण रेल्वेची प्रतीक्षा यादी पाहावी. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा तिच्यावर होते आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळा कधीच्या वाटल्या गेल्या आहेत. एका वेळेवर सत्तर माणसांचं विमान सोडायचं की एकशे ऐंशी माणसांचं, याचं उत्तर कंपनीला शोधावं लागत नाही. त्यातून चिपीच्या वाट्याला अडनिड्या वेळा येतात, अडनिड्या वेळेच्या विमानाला प्रवासी कमी येतात आणि मग विमानच रद्द होतं. दोन-चारदा असं झालं की चाकरमानी पुन्हा तुतारी एक्सप्रेसकडे वळतो.

ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, म्हणजे या भागात नव्या वेळा उपलब्ध झाल्या. त्या वाटल्या जात असतानाच सिंधुदुर्गानं आपली मागणी नेमकी मांडायला हवी: सकाळी एक आणि संध्याकाळी एक विमान, ठरलेल्या वेळेला, पावसाळा धरून बाराही महिने, आणि निदान पाच वर्षांच्या हमीनं. पर्यटक हंगामात येतील. वर्षभर जागा भरतील त्या मुंबईत उपचारांसाठी जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी, कोर्टाच्या तारखांना जाणाऱ्यांनी आणि गावी आंबा पाहायला येणाऱ्या बागायतदारांनी.